अणूंचा शेजार आणि ट्रॉम्बेचा न्यूट्रॉन

18 मे 1974 रोजी पोखरणला अणुस्फोट झाला आणि राजा रामण्णा, पी. के. अय्यंगार, आर. चिदंबरम ही नावे देशभर पोचली. पुढे 1998 च्या चाचण्यांनी चिदंबरम यांचे नाव आणखी ठळक झाले. तेव्हापासून या शास्त्रज्ञांची ओळख स्फोटाशी बांधली गेली, ती कायमचीच. पण अय्यंगार आणि चिदंबरम यांनी आपल्या उमेदीची वर्षे ज्या कामाला दिली, ते काम फार वेगळे होते. घन, द्रव आणि स्फटिक यांच्या आत कोणता अणू कोणाच्या शेजारी बसतो, किती अंतरावर बसतो आणि शेजाऱ्याला किती जोराने धरून ठेवतो, हे ते शोधत होते. हे काम ट्रॉम्बेत झाले. भारतात अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनांनी पदार्थाच्या अंतरंगात डोकावण्याची सुरुवात तिथेच झाली. तो इतिहास मराठीत फारसा सांगितला गेलेला नाही, आणि तो सांगायला हवा असे मला मनापासून वाटते. जवळच्या काही अणूंपलीकडे ज्यांचा प्रभाव पोचत नाही अशी बले बर्फ, चुंबक आणि प्रथिने कशी घडवतात, हे कोडे भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही शास्त्रांचे आहे. ट्रॉम्बेत ते एकाच झोताने तपासले गेले.

टेकडीच्या पलीकडे

घाटकोपर, मुलुंड आणि ट्रॉम्बे ही तिन्ही ठिकाणे आजच्या मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात येतात. चेंबूर, मानखुर्द ओलांडून पुढे गेले की ट्रॉम्बेची टेकडी लागते. तिच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. टेकडीमुळे शहराकडे आडोसा आणि खाडीमुळे पाण्याची सोय, अशी ही जागा होमी भाभांच्या अणुसंशोधनाच्या योजनेला सोयीची ठरली. 3 जानेवारी 1954 रोजी ट्रॉम्बेची अणुशक्ती संस्था स्थापन झाली. भाभांच्या निधनानंतर, 1967 मध्ये, तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले.

पहिली अणुभट्टी उभी राहिली ती काँक्रीटच्या एका खोल हौदात. इंधन होते ब्रिटनकडून आलेले समृद्ध युरेनियम. हौदातले पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करी, उष्णता वाहून नेई आणि वर उभ्या असलेल्या माणसांचे किरणोत्सारापासून रक्षणही करी. आराखडा आणि बांधणी भारतीय अभियंत्यांची होती. 4 ऑगस्ट 1956 रोजी दुपारी या भट्टीत साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर सुरू राहिली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ही पहिली अणुभट्टी. पाण्यातून उमटणारा निळा प्रकाश पाहून जवाहरलाल नेहरूंनी तिचे नाव ‘अप्सरा’ ठेवले. 20 जानेवारी 1957 रोजी तिचे रीतसर उद्घाटन झाले.

अप्सराची कमाल क्षमता होती एक मेगावॅट. वीज तयार करणे हे तिचे काम नव्हतेच. तिच्या भिंतीत नळ्या बसवलेल्या होत्या आणि त्यांतून न्यूट्रॉनांचे झोत बाहेर काढता येत. पुढच्या साऱ्या कथेचा उगम या नळ्यांत आहे.

न्यूट्रॉनच कशासाठी?

एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. घन पदार्थात शेजारच्या दोन अणूंमध्ये साधारण एक ते चार अँगस्ट्रॉम अंतर असते. इतके सूक्ष्म अंतर मोजायचे तर तेवढ्याच तरंगलांबीचे काही तरी हवे. क्ष-किरण त्या मापाचे आहेत आणि 1912 पासून त्यांनी स्फटिकांच्या रचना उलगडून दाखवल्या. भट्टीतून बाहेर पडणारे, सामान्य तापमानाला आलेले न्यूट्रॉन सेकंदाला साधारण 2200 मीटर वेगाने धावतात आणि त्यांची तरंगलांबी सुमारे 1.8 अँगस्ट्रॉम असते. म्हणजे तेही त्याच मापाचे.

फरक आहे तो विखुरण्याच्या रीतीत. क्ष-किरण अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच, आणि बंध तयार होताना तोही शेजाऱ्याकडे सरकतो. त्यामुळे क्ष-किरणांना हायड्रोजन फिका दिसतो आणि खऱ्या जागेपेक्षा किंचित अलीकडे दिसतो. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही. तो इलेक्ट्रॉनांच्या ढगातून थेट आत जातो आणि अणुकेंद्रावर विखुरतो. त्याला विखुरणारे केंद्रकीय बल अत्यंत अल्पपल्ल्याचे आहे. अणूच्या एक लाखांशाइतक्या अंतरापलीकडे ते संपते. न्यूट्रॉनची तरंगलांबी या पल्ल्याच्या मानाने इतकी मोठी असते की बलाचा सारा तपशील त्याला जाणवतच नाही. सगळे बल एका आकड्यात मावते. कार्बनसाठी तो आकडा 6.65 फेमटोमीटर, ऑक्सिजनसाठी 5.80 आणि हायड्रोजनसाठी उणे 3.74. हायड्रोजनचा जड भाऊ ड्युटेरियम याचा आकडा अधिक 6.67.

या आकड्यांत दोन गोष्टी आहेत. एक, हायड्रोजन आता फिका राहत नाही, तो कार्बन-ऑक्सिजनच्या बरोबरीने दिसतो. दुसरी, हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातले तर रसायन जवळपास तेच राहते, पण न्यूट्रॉनसाठी चिन्हच बदलते. केंद्रकातल्या अल्पपल्ल्याच्या बलामुळे रेणूंमधल्या अल्पपल्ल्याच्या बलांचा अभ्यास शक्य झाला. शिवाय न्यूट्रॉन स्वतः एक अतिसूक्ष्म चुंबक आहे, त्यामुळे अणूंच्या चुंबकत्वाची दिशाही त्याला कळते.

चॉक रिव्हरहून परत

अप्सरा सुरू झाली त्या सुमारास पी. के. अय्यंगार कॅनडातल्या चॉक रिव्हर प्रयोगशाळेत बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याकडे काम करायला गेले. विखुरताना न्यूट्रॉन किती ऊर्जा गमावतो वा मिळवतो, हे मोजायचे तंत्र ब्रॉकहाउस तिथे घडवत होते. ऊर्जेतला हा फरक सांगतो की स्फटिकातले अणू कसे थरथरतात, आणि त्यावरून त्यांच्यामधल्या बलांचा हिशेब मांडता येतो. ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांनी जर्मेनियमच्या स्फटिकावर हे मापन केले. त्यांचा निबंध 1958 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये आला. ब्रॉकहाउस यांना या तंत्रासाठी 1994 चे नोबेल पारितोषिक क्लिफर्ड शल यांच्यासह मिळाले.

जर्मेनियमने एक मोलाचा धडा दिला. त्याच्या स्फटिकात प्रत्येक अणूला चार निकटचे शेजारी असतात. बल फक्त या शेजाऱ्यांपुरते आहे असे मानून गणित केले, तर मोजलेल्या थरथरीशी ते जुळेना. दूरदूरच्या शेजाऱ्यांपर्यंत बले ओढावी लागत. 1959 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम कॉक्रन यांनी वाट दाखवली. अणू म्हणजे टणक गोळी नसून त्याभोवतीचे इलेक्ट्रॉन-कवच सरकू शकते, एवढे धरले की बहुतेक कोडे सुटत होते. कवचा-कवचांमधले बल अल्पपल्ल्याचेच. पण कवच सरकले की अणूत विद्युत ध्रुव तयार होतात आणि त्यांचा परिणाम दूरवर जातो. जवळच्या ओढीतून दूरची रचना कशी उभी राहते, याचे हे उत्तम उदाहरण. या कामातला अनुभव घेऊन अय्यंगार मायदेशी परतले.

सायरस आणि कार्यशाळेतली उपकरणे

अप्सराचा झोत क्षीण होता. 10 जुलै 1960 रोजी ट्रॉम्बेत दुसरी भट्टी सुरू झाली. कोलंबो योजनेखाली कॅनडाने दिलेली, अमेरिकेने पुरवलेल्या जड पाण्यावर चालणारी, 40 मेगावॅटची सायरस. तिचा घुमट खाडीतून स्पष्ट दिसे. आता झोताची प्रखरता कितीतरी वाढली आणि खरे काम सुरू झाले.

न्यूट्रॉन वर्णमापक त्या काळी कुठे दुकानात मिळत नसे. झोतातून एकाच तरंगलांबीचे न्यूट्रॉन निवडणारा स्फटिक, नमुना अंशाच्या सूक्ष्म भागाने फिरवणारा मंच, न्यूट्रॉन टिपणारे गणक, आणि भटक्या न्यूट्रॉनांना अडवणारे मेण-बोरॉनचे जाड आवरण, हे सारे एकत्र आणावे लागे. परकीय चलनाची चणचण होती. अय्यंगारांच्या गटाने ही उपकरणे ट्रॉम्बेच्या कार्यशाळेतच घडवली. जी. वेंकटरामन, बी. ए. दासन्नाचार्य, के. आर. राव, एन. एस. सत्यमूर्ती अशी तरुण मंडळी या कामात होती. यंत्र घडवणारा आणि त्यावर मोजणारा माणूस बहुधा एकच असे. आपल्या यंत्राची मर्यादा माहीत असल्यामुळे आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हेही त्याला कळे.

हे कौशल्य परदेशीही गेले. 1960 च्या दशकाच्या मध्यात भारत, फिलिपीन्स आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांचा संयुक्त प्रकल्प उभा राहिला. भारताने दिलेला न्यूट्रॉन वर्णमापक मनिलाजवळच्या भट्टीवर बसला आणि आशियातल्या अनेक देशांचे संशोधक त्यावर शिकले. डिसेंबर 1964 मध्ये याच आंतरराष्ट्रीय संस्थेने न्यूट्रॉन विखुरण्यावरचे जागतिक चर्चासत्र मुंबईत भरवले. अप्सरा सुरू झाल्याला आठ वर्षेच झाली होती, तोवर या विषयाच्या नकाशावर मुंबईचे नाव आले होते.

द्रवातली व्यवस्था

स्फटिकातली मांडणी दूरवर तशीच पुनःपुन्हा येते. द्रवात तसे काही नसते, पण द्रव म्हणजे निव्वळ अंदाधुंदीही नव्हे. संध्याकाळी घाटकोपर स्थानकाच्या फलाटावर उभ्या माणसाला आपल्या चारी बाजूंचे लोक नेमके किती अंतरावर आहेत ते सांगता येते, चार माणसांपलीकडचे मात्र सांगता येत नाही. द्रवातल्या अणूचे तसेच असते. निकटच्या शेजाऱ्यांचे अंतर ठरलेले, पुढच्या फेरीचे थोडे सैल, आणि मग सारे विस्कळीत. याला अल्पपल्ल्याची व्यवस्था म्हणतात.

ती तपासायला सर्वांत साधा द्रव म्हणजे आर्गॉन. त्याचे अणू गोल, निष्क्रिय, एकमेकांशी रासायनिक बंध न करणारे. अगदी जवळ आले तर दूर ढकलतात, थोडे लांब असले तर किंचित ओढतात. पण तो द्रव राहतो फक्त उणे 189 ते उणे 186 अंश सेल्सिअसच्या अरुंद पट्ट्यात. एवढे तापमान प्रयोग संपेपर्यंत स्थिर ठेवून दासन्नाचार्य आणि राव यांनी ट्रॉम्बेत द्रव आर्गॉनवरून विखुरलेले न्यूट्रॉन मोजले. अणू कुठे आहेत एवढेच त्यांना नको होते. एक अणू हलला की त्याचे शेजारी कालांतराने कसे हलतात, हेही त्या मापनातून काढायचे होते. त्यांचा निबंध 1965 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाला.

त्याच्या एक वर्ष आधी, 1964 मध्ये, मूळचे हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत संगणकावर 864 आर्गॉन अणू हलवून पाहिले होते. प्रत्येक अणूला त्यांनी फक्त जवळच्या अणूंचे ढकलणे-ओढणे जाणवू दिले. तेवढ्यातून द्रवाचे वर्तन उभे राहिले. आज औषधाचा रेणू प्रथिनाला कसा चिकटेल हे पाहायला जी संगणकी पद्धत वापरतात, तिचे मूळ या कामात आहे. रहमान यांचे गणित आणि ट्रॉम्बेचे मापन एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंनी आले: शेजाऱ्यापुरते बल दिले, तर पदार्थ घडतो का?

पवई आणि ट्रॉम्बे

1958 मध्ये मुंबईची आयआयटी सुरू झाली आणि पवईला तिचा परिसर उभा राहिला. तिथे सी. एम. श्रीवास्तव फेराइटांवर काम करत होते. फेराइट म्हणजे लोह आणि इतर धातूंची चुंबकीय ऑक्साइडे. रेडिओच्या अँटेनात आणि रोहित्रांत त्यांचा वापर होतो. त्यांच्यात धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा असतात. एकीभोवती चार ऑक्सिजन, दुसरीभोवती सहा. या दोन जागांवरचे चुंबक ऑक्सिजनच्या मध्यस्थीने एकमेकांच्या उलट दिशेला वळतात. दोन्ही गटांचे बळ असमान असल्याने वजाबाकीतून जे उरते ते आपल्याला चुंबकत्व म्हणून जाणवते.

निकेल फेराइटमध्ये जस्त मिसळले की एक विलक्षण गोष्ट घडते. जस्ताला चुंबकत्व नाही आणि ते चार ऑक्सिजनांच्या जागी जाऊन बसते. त्यामुळे उलटा गट दुबळा होतो आणि पदार्थाचे एकूण चुंबकत्व आधी वाढते. ठरावीक प्रमाणानंतर मात्र ते घटू लागते. विरुद्ध गटाशी असलेली बांधिलकी सैल झाल्यावर सहा ऑक्सिजनांच्या जागांवरचे चुंबक आपापसांत भांडू लागतात आणि समांतर राहण्याऐवजी एकमेकांशी कोन करतात. असे कोन असतील हे याफेट आणि किटेल यांनी 1952 मध्ये सिद्धांताने सांगितले होते. 1969 मध्ये सत्यमूर्ती, नातेरा, युसुफ, बेगम आणि श्रीवास्तव यांनी जस्त-निकेल फेराइटमधले हे कोन न्यूट्रॉनांनी ठरवून ‘फिजिकल रिव्ह्यू’त प्रसिद्ध केले. या विषयावरच्या निबंधांत आजही त्याचा हवाला दिला जातो. उपनगराच्या दोन टोकांच्या दोन संस्था एकत्र आल्या, म्हणून हे घडले.

हायड्रोजनचा बंध

आर. चिदंबरम 1962 मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून ट्रॉम्बेत आले. त्यांना वेड होते हायड्रोजन बंधाचे. पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन आपल्या ऑक्सिजनला घट्ट धरलेला असतो, पण शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडेही ओढला जातो. ही ओढ नेहमीच्या रासायनिक बंधाच्या दशांशाहूनही क्षीण असू शकते. तरी तिच्यामुळेच बर्फ पाण्यावर तरंगतो, आणि डीएनएच्या दोन साखळ्या तिच्याच आधाराने जोडलेल्या राहतात.

1961 मध्येच चिदंबरम यांनी बर्फासंबंधी एक साधी, पण खोल गोष्ट मांडली होती. बर्फात ऑक्सिजन एकमेकांशी सुमारे 109.5 अंशांचा कोन करतात. पाण्याच्या सुट्या रेणूतला कोन मात्र सुमारे 104.5 अंश. रेणू आपला कोन फारसा सोडायला तयार नाही, असे धरले तर हायड्रोजन दोन ऑक्सिजनांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर बसूच शकत नाही. बंध किंचित वाकलेला असणार. अशा वाकलेल्या बंधाची किंमत किती, हा प्रश्न त्यांनी पुढे धरून ठेवला.

ट्रॉम्बेत त्यांच्याबरोबर ए. सिक्वेरा आणि एस. के. सिक्का होते. या तिघांनी 1964 मध्ये पोटॅशियम ऑक्झलेटच्या पाणीयुक्त स्फटिकात पाण्याचा रेणू नेमका कसा बसला आहे हे न्यूट्रॉनांनी पाहिले आणि त्यावरून स्फटिकांतल्या पाण्याभोवती शेजारी कोणत्या दिशांनी येतात याचा नियम मांडला. 1972 मध्ये सिक्वेरा, राजगोपाल आणि चिदंबरम यांनी ग्लुटामिक आम्लाच्या हायड्रोक्लोराइडची रचना प्रसिद्ध केली. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांतून बनतात त्यांतले हे एक. क्ष-किरणांना अंधुक दिसणारे हायड्रोजन इथे आपापल्या खऱ्या जागी दिसत होते.

याच सुमारास जी. एन. रामचंद्रन यांच्याशी दुवा जुळला. मद्रासमध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये दाखवले होते की प्रथिनाच्या साखळीला वाटेल तशी वळणे घेता येत नाहीत. दोन अणू ठरावीक अंतरापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत, एवढ्या एका अटीवरून कोणती वळणे शक्य आणि कोणती अशक्य याचा नकाशा तयार होतो. जगभरच्या जीवरसायनाच्या पाठ्यपुस्तकांत तो रामचंद्रन यांच्या नावाने आहे. त्या नकाशात अणूंमधला दुरावा होता, हायड्रोजन बंधाची ओढ अजून आकड्यांत बसायची होती. 1970 मध्ये चिदंबरम, बालसुब्रमण्यन आणि रामचंद्रन यांनी प्रथिनातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांमधल्या हायड्रोजन बंधाची ऊर्जा अंतर आणि कोनाप्रमाणे कशी बदलते याचे सूत्र दिले. बर्फातल्या वाकलेल्या बंधापासून निघालेला प्रश्न नऊ वर्षांत प्रथिनापर्यंत येऊन पोचला.

ध्रुव आणि नंतर

पुढे चिदंबरम आणि अय्यंगार यांच्यावर वेगळ्या जबाबदाऱ्या आल्या. पण न्यूट्रॉनांचे काम थांबले नाही. 8 ऑगस्ट 1985 रोजी 100 मेगावॅटची ‘ध्रुव’ भट्टी सुरू झाली. तिच्या उभारणीत अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता. सुरुवातीला इंधनाच्या कांड्यांत जास्त कंपने होत. त्यांच्या रचनेत बदल करून ती अडचण दूर केली आणि 1988 च्या जानेवारीत भट्टी पूर्ण क्षमतेने चालू लागली. तिच्या आत चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला 180 लाख कोटी न्यूट्रॉन जातात.

ध्रुवच्या झोतांवर भौतिकीपलीकडची मंडळीही आली. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत विद्यापीठांतले संशोधक इथे काम करू लागले. साबणाचे रेणू पाण्यात गोळा होऊन जे सूक्ष्म पुंजके करतात, त्यांचा आकार न्यूट्रॉन छोट्या कोनांत विखुरून मोजला जातो. साध्या पाण्याऐवजी जड पाणी वापरले की पुंजका पार्श्वभूमीवर ठसठशीत दिसतो. हायड्रोजन आणि ड्युटेरियम यांच्या चिन्हांतला जो फरक वर आला, त्याचाच हा उपयोग. बहुवारिके, चुंबकीय पातळ थर आणि औषधे वाहून नेणारे कण यांच्यावरही इथे काम होते.

अप्सरा 2009 मध्ये थांबवली गेली आणि 2018 मध्ये नव्या रूपात पुन्हा उभी राहिली. सायरस 31 डिसेंबर 2010 रोजी बंद झाली. अय्यंगार 2011 मध्ये गेले, चिदंबरम जानेवारी 2025 मध्ये.

या साऱ्या इतिहासातून मला एक गोष्ट ठामपणे जाणवते. आर्गॉनचा द्रव, फेराइटचे चुंबकत्व आणि प्रथिनाचे वळण ही आपल्या अभ्यासक्रमात तीन वेगळ्या विभागांची प्रकरणे आहेत, आणि एका विभागाचा विद्यार्थी दुसऱ्याचे पुस्तक बहुधा उघडतही नाही. ट्रॉम्बेत ती तिन्ही एकाच भट्टीच्या नळ्यांसमोर आली, कारण तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता: अगदी जवळच्या शेजाऱ्याशी नाते कसे आहे? आर्गॉनने सांगितले की नाते अंतराचे असते, फेराइटने सांगितले की ते दिशेचे असते, हायड्रोजन बंधाने सांगितले की ते एकाच वेळी दोन्हींचे असते, आणि जर्मेनियमने बजावले की जवळच्या नात्याचे परिणाम दूरवर जातात. अणुऊर्जेचा आपला इतिहास वीज आणि बाँब यांच्यातच सांगितला जातो. ट्रॉम्बेच्या टेकडीमागे काही माणसांनी, स्वतः घडवलेल्या यंत्रांवर, पदार्थ कसा उभा राहतो याचे जे ज्ञान मिळवले, ते त्या इतिहासाच्या मध्यभागी असायला हवे. उपनगरातल्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना हे आपल्याच तालुक्यात घडले आहे, एवढे तरी ठाऊक असावे.